आजोबांच्या दुनळीची जन्मपत्रिका

चेन्नईच्या अण्णा सलाईवर, म्हणजे जुन्या माउंट रोडवर, घड्याळाचा मनोरा असलेली एक जुनी इमारत आहे. पी. ऑर अँड सन्स. दुकान १८४९ पासूनचं, इमारत १८७९ ची. आराखडा रॉबर्ट चिझमचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ज्याने पुढे पूर्णत्वाला नेला, तोच हा चिझम. आज लोक इथे मनगटी घड्याळं घ्यायला येतात. एके काळी मात्र घड्याळं, दागिने आणि चांदीच्या भांड्यांच्या जोडीला इथे बंदुकाही विकल्या जात.

घड्याळजीच्या दुकानात बंदूक कशी, असं वाटेल. त्या काळी त्यात वावगं काही नव्हतं. दोन्ही वस्तू विलायतेहून जहाजाने येत, दोन्हींचं काम बारीक, दोन्हींना दुरुस्तीला कुशल हात लागत आणि दोन्हींचं गिऱ्हाईकही एकच: पलटणीतला साहेब, निलगिरीतला मळेवाला, जमीनदार, एखादा संस्थानिक. दुकानदार बर्मिंगहॅमच्या कारखान्याकडून तयार बंदुका मागवी आणि नळ्यांमधल्या पट्टीवर स्वतःच्या दुकानाचं नाव कोरून घेई. कलकत्त्यात आर. बी. रॉडा किंवा मॅन्टन अँड कंपनी, मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, मद्रासेत पी. ऑर. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग मुंबईकरांना ठाऊक असते, पण तिथे एके काळी काडतुसंही मिळत हे सहसा कुणाला माहीत नसतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे निवृत्त मित्रांकडून आणि वाचकांकडून वारंवार येणारा एक प्रश्न. ‘घरात आजोबांची विलायती बंदूक आहे. कोणत्या कंपनीची असेल? किंमत किती येईल?’ सोबत मोबाइलवर काढलेला फोटो, आणि फोटोत हमखास बंदुकीचा दस्ता, नक्षी आणि वरचं नाव. ज्या जागेवर खरी माहिती असते, तिचा फोटो कुणीच काढत नाही.

फिरंग आणि तिच्यावरचं नाव

बंदुकीकडे जाण्याआधी एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात डोकावू. १८५१ साली स्थापन झालेलं हे संग्रहालय. इथल्या शस्त्रदालनातला मोठा ऐवज तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातला आहे. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, पुत्र नसताना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही सरकारने केलेली राजकीय कृती आहे, तिच्यात न्यायालयाला पडता येत नाही, असं ठरलं. राजवाड्यातलं शस्त्रागार मोडलं गेलं आणि निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात आल्या.

तिथल्या कट्यारी आणि तलवारी नीट पाहिल्या तर मूठ दक्षिणी आणि पातं युरोपियन, असा जोड पुष्कळदा दिसतो. अशा पात्याच्या तलवारीला आपण मराठे ‘फिरंग’ म्हणत आलो. आता गंमत पाहा. सोळाव्या शतकात इटलीत अँड्रिया फेरारा नावाचा पाती घडवणारा नामांकित कारागीर होऊन गेला. त्याचं नाव इतकं चाललं की पुढे जर्मनीतल्या सोलिंगनचे कारागीर आपल्या पात्यांवर सर्रास त्याचंच नाव मारू लागले. म्हणजे पात्यावर ‘फेरारा’ लिहिलंय एवढ्यावरून ते पातं इटलीचं ठरत नाही.

बंदुकीच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी लागते. नाव कोरणं सोपं असतं. ते कुणी कोरलं, कधी कोरलं आणि का कोरलं, हे विचारावं लागतं.

एक दुनळी

इथे चेन्नईत एका दक्षिणी मराठी कुटुंबाशी माझा परिचय झाला. तंजावरकडून आलेलं घराणं. घरात अजून मराठी बोलतात, फक्त हेल तमिळ आहे. घरातले काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांच्या पश्चात घरातली दुनळी एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली. काकांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला आणि तिथे अडचण निघाली. जुन्या परवान्यावर बंदुकीचं वर्णन होतं: ‘डीबीबीएल, १२ बोअर, मॅन्टन, लंडन’. डीबीबीएल म्हणजे दोन नळ्यांची, मागून भरायची. बंदुकीच्या पट्टीवर मात्र ‘पी. ऑर अँड सन्स, मद्रास’. मग परवान्यावरची बंदूक हीच कशावरून? बदललेली नसेल कशावरून?

घरात तर पिढ्यान् पिढ्या ‘आमची मॅन्टन’ असंच म्हणत आले होते. कुण्या कलेक्टर साहेबाने पणजोबांना बक्षीस दिलेली, अशी कथा. काका मला म्हणाले, ‘कर्नल साहेब, तुम्ही एकदा बघा.’

विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्यासमोर बंदूक पाहिली. एनडीएत खडकवासल्याला वेपन ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला उस्तादांनी शिकवलेली गोष्ट आधी केली: हत्यार रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं. जुन्या घरातल्या बंदुकीत चाळीस वर्षांपूर्वीचं काडतूस अडकलेलं असू शकतं.

मग वरवरची पाहणी. दोन नळ्या शेजारी शेजारी, मागे कानांसारखे दोन बाहेरचे घोडे, वर अंगठ्याने सरकवायची कळ. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी. ही नक्षी वरून कोरलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र पिळून, ती पट्टी लोखंडी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून नळी घडवली की ही लाट उमटते. तिला दमास्कस नळी म्हणतात.

एवढ्या पाहणीतही बरंच कळतं. मागून उघडणारी आणि खिळ्याच्या काडतुसाची बंदूक फ्रान्समध्ये लफोशने १८३० च्या दशकात आणली. १८६० च्या दशकात इंग्लंडात मध्यभागी ठोका बसणारं काडतूस रुळलं. अंगठ्याने उघडायची वरची कळ बर्मिंगहॅमच्या स्कॉटने १८६५ मध्ये आणली. घोडा पडल्यावर आपोआप थोडा मागे येऊन थांबतो ती रचना स्टँटनची, १८६७ ची. आणि बाहेर घोडे नसलेली, आजही जगभर बनते ती साधी पेटीची रचना अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांची, १८७५ ची. पण नवं आलं म्हणून जुनं लगेच संपलं नाही. घोड्यांच्या बंदुका पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि घोडा चढलाय की नाही हे लांबूनही दिसे.

काकांच्या बंदुकीला वरची कळ होती आणि घोडे मागे येऊन थांबत होते. म्हणजे ती १८६७ च्या आधीची नाही. प्रसिद्ध जोसेफ मॅन्टन वारला १८३५ साली. त्याच्या उमेदीच्या काळात तर ठासणीच्या बंदुका होत्या. त्याच्या हातची ही बंदूक असणं शक्यच नव्हतं.

नळीखालचे शिक्के

आता मुख्य जागा. पुढचा लाकडी भाग काढायचा, बंदूक उघडायची आणि नळ्या वेगळ्या करून उलट्या धरायच्या. मागच्या टोकाला नळ्यांच्या पोटाशी जो सपाट भाग असतो, तिथे बारीक शिक्के असतात. हीच बंदुकीची जन्मपत्रिका.

हे शिक्के कारखानदाराचे नसतात. युरोपात बंदूक बाजारात जाण्याआधी तिची परीक्षा घेणारी स्वतंत्र गृहं असत. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची. फुटली नाही, फुगली नाही, तर शिक्का. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. बेल्जियममधल्या लिएजचं तर १६७२ पासूनचं. या गृहांचे शिक्के ठरलेले होते, ते ठरावीक वर्षी बदलले, आणि त्या बदलांमुळेच आज आपल्याला काळ सांगता येतो.

काकांच्या बंदुकीवर मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड होते. एका शिक्क्यात त्यांच्या बेचक्यांत बी, पी, सी ही अक्षरं, दुसऱ्यात व्ही. हे बर्मिंगहॅमचे शिक्के १८१३ ते १९०४ पर्यंतचे. १९०४ नंतर तिथे मुकुटाखाली साधी बीपी आणि बीव्ही ही अक्षरं आली. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि त्याखाली सी. ही चौकट १८८७ पासूनची. दोन शिक्के जुळवले की बंदुकीचा जन्म १८८७ ते १९०४ या सतरा वर्षांत येऊन बसतो. कुठलाही तज्ज्ञ लागला नाही, एक भिंग आणि टॉर्च पुरली.

‘१२ बोअर’ हा शब्द आपण रोज वापरतो, त्याचा अर्थही सांगून टाकतो. नळीच्या आत नेमक्या बसतील अशा शिशाच्या गोळ्या पाडल्या आणि बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी १२ बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून १६ बोअरची नळी १२ पेक्षा बारीक असते.

बर्मिंगहॅमच्या कुठल्या कारखान्यात ती बनली? अशा दुकानदारी बंदुकांच्या बाबतीत हा प्रश्न थोडा फसवाच आहे. त्या शहरातल्या बंदुकीच्या मोहल्ल्यात एक माणूस पूर्ण बंदूक बनवतच नसे. कळी डार्लस्टनसारख्या आसपासच्या गावांत घासल्या जात, नळ्या दुसरीकडे घडत, दस्ता तिसरा बसवी, नक्षी चौथा काढी. नळीवर जी दोन-तीन आद्याक्षरं दिसतात, ती अशाच एखाद्या कारागिराची.

आणि शेवटी क्रमांक. फौजेत आपण हत्यार ओळखतो ते बट नंबर आणि रजिस्टर्ड नंबरावरून. कोतमध्ये नाव नाही, नंबर चालतो. इथेही तसंच. चापाच्या खालच्या कमानीवर क्रमांक होता, नळ्यांच्या पोटाशीही तोच, आणि जुन्या परवान्यावरही तोच. बंदूक तीच होती. नाव तेवढं चुकीचं लिहिलं गेलं होतं.

चूक कुठे शिरली, तेही जुन्या कागदांत सापडलं. आजोबांच्या परवान्यावर बनावटीच्या रकान्यात ‘ऑर, मद्रास’ असं होतं. नंतर वडिलांच्या नावावर परवाना करताना कुण्या कारकुनाने विचारलं असावं, बंदूक कोणती, आणि घरच्यांनी अभिमानाने सांगितलं असावं, मॅन्टन. पुढची प्रत्येक नोंद मागच्या नोंदीवरून उतरली. दंतकथा सरकारी कागदावर चढली आणि साठ वर्षांनी वारसाच्या वाटेत आडवी आली.

लिएजचं कोडं

काकांची बंदूक खरोखर इंग्लंडची निघाली. सगळ्यांचंच तसं होत नाही. साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी मला फोटो पाठवले होते. पट्टीवर ‘लंडन फाइन ट्विस्ट’. मी नळ्यांच्या पोटाचा फोटो मागवला. तिथे लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि वर मुकुट. हा लिएजचा शिक्का. मुकुट १८९३ पासून आला, म्हणून बंदूक त्यानंतरची. शेजारी नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. इंग्रजी बंदुकीवर त्या काळी मिलिमीटर सापडायचे नाहीत.

लिएज हे तेव्हा जगाचं बंदुकीचं मोठं केंद्र होतं. उत्तम मालही तिथे बनत होता आणि गिऱ्हाईक मागेल तो स्वस्त मालही. गिऱ्हाइकाला विलायती नाव हवं, तर नाव विलायती. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रजी घराण्याच्या नावाशी मिळतंजुळतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं नाव कोरलेल्या बेल्जियन बंदुका अमेरिकेत ढिगाने खपल्या. सोलिंगनच्या फेरारासारखाच हा प्रकार. पण ‘बेल्जियन निघाली’ म्हणून सुभेदार साहेबांनी खट्टू व्हायचं कारण नव्हतं. नाव खोटं असलं तरी परीक्षा खरी होती, शिक्का खरा होता.

शिवाय लिएजशी आपलं नातं वेगळंही आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी गुप्तपणे वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं ते. ही पिस्तुलं बनत लिएजजवळच्या हेर्स्टालला. पुढे १७ जून १९११ रोजी मद्रास इलाख्यात, मणियाच्ची स्टेशनवर, वांची अय्यरने तिरुनेलवेलीचा कलेक्टर अ‍ॅशवर गोळी झाडली, तेही बेल्जियन ब्राउनिंगच. वांचीला पाँडिचेरीत तयार करणारे व. वे. सु. अय्यर हे लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे साथी. नाशिक आणि मणियाच्ची यांना जोडणारा धागा असा हेर्स्टालमधून जातो.

बंदूक कुणाकडे असू शकत होती?

हत्यारं इतक्या आडवाटेने का आणावी लागली, याचं उत्तर १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेला हा कायदा. भारतीय माणसाला बंदूक बाळगायला परवाना आवश्यक, युरोपियनांना सूट. भारतीयांपैकी काही पदव्या, मानमरातब आणि अधिकारपदं असलेल्यांनाच सवलत. पुढच्याच वर्षी पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांच्या लोकांकडे तलवारी जास्त आणि बंदुका थोड्या होत्या. काँग्रेसच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव होत राहिले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरलं. अपवाद होता कूर्गचा. तिथल्या कोडवांना दिलेली सूट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि २०१९ मध्ये केंद्राने ती आणखी दहा वर्षं वाढवली.

म्हणून १८८७ ते १९०४ या काळात मद्रासच्या भारतीय घरात रीतसर घेतलेली दुनळी असणं, हीच एक बातमी आहे. ते घर सरकारच्या विश्वासातलं होतं. तंजावरच्या मराठी घराण्यांतले बरेच लोक तेव्हा इंग्रजी शिकून सरकारी नोकरीत मोठ्या जागांवर गेले होते. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. काकांचे पणजोबा महसूल खात्यात होते. कलेक्टरने बंदूक बक्षीस दिली की नाही याचा कागद नाही, पण ती कुठल्या दुकानातून आली, हे पट्टीवरच लिहिलेलं आहे. हिवाळ्यात भातखाचरांत उतरणारे पाणलावे टिपायला ती वापरत, एवढं घरात सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तोही अध्याय संपला.

मग किंमत किती?

इथे सगळ्यांची निराशा होते, म्हणून सरळच सांगतो. इंटरनेटवर लंडनच्या लिलावाचे आकडे पाहून हिशेब करू नका. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडची उत्तम बंदूक तिकडे मोठी रक्कम आणते, पण साधी बर्मिंगहॅमची किंवा बेल्जियन घोड्याची बंदूक तिकडेही काही शे पौंडांच्या वर क्वचितच जाते. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तो बाजार आपल्यासाठी बंदच.

देशातल्या बाजाराचे नियम वेगळे आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बंदुकांची खुली आयात थांबली, त्यामुळे चांगल्या विलायती बंदुकीला इथे मागणी टिकली. पण विकत घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि त्यावर जागा हवी. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. ज्यांच्याकडे तीन होत्या, त्यांना एक काढावी लागली. बंदुका बाजारात आल्या आणि घेणारे घटले.

भाव ठरतो तो साधारण अशा क्रमाने. आधी स्थिती: नळीच्या आत गंजाचे खड्डे आहेत का, पोचे आहेत का, बंद केल्यावर नळ्या हलतात का, दस्त्याला चीर आहे का. मग नळी दमास्कसची की पोलादाची. मग घोडे बाहेर की आत. त्यानंतर बनवणाऱ्याचं नाव, आणि मूळ पेटी, बिल, जुने परवाने. पोलादी नळ्यांची, बिनघोड्याची, नामांकित घराण्याची बंदूक वापरण्यासाठी घेतली जाते. दमास्कसची घोड्याची बंदूक घेणारा फक्त शौकीन, आणि तो विरळा. काकांच्या बंदुकीला विक्रेत्याने सांगितलेला आकडा एका बऱ्या मोबाइलच्याही खाली होता.

एक कळकळीची विनंती: विकायची असो वा ठेवायची, तिला चकाकवू नका. घासकागद, पॉलिश, नवा निळा मुलामा, यांनी शिक्के पुसट होतात आणि दमास्कसची लाट जाते. हलकं तेल आणि मऊ फडकं पुरे.

आणि दुसरी, जिवाची: दमास्कसच्या नळीतून आजचं काडतूस उडवू नका. या नळ्यांची परीक्षा काळ्या दारूवर झालेली असते, बिनधुराच्या दारूचा दाब वेगळा असतो. शिवाय त्या काळच्या बऱ्याच बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, म्हणूनच ते धोक्याचं. उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. आपल्या खडकीच्या फॅक्टरीचं काडतूस कितीही उत्तम असलं तरी ते या नळीसाठी नाही.

वारसाने काय करायचं

मी वकील नाही, पण एवढं प्रत्येक फौजी कुटुंबाला ठाऊक असावं. परवानाधारक वारला की घरातली बंदूक आपोआप वारसाची होत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. सेवेत असलेल्या जवानाला वा अधिकाऱ्याला ती आपल्या युनिटच्या शस्त्रागारातही जमा करता येते. ही सोय कित्येकांना माहीतच नाही. ‘आजोबांची आठवण’ म्हणून विनापरवाना कपाटात ठेवली तर २०१९ नंतर शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे.

जमा केल्यावर वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, तर तो वारसाच्या नावे करून देऊ शकतो. सत्तरीच्या माझ्या वाचकांनी हे मनावर घ्यावं. तुमच्या पश्चात मुलांना जे सहा महिने लागतील, ते तुम्ही स्वतः हजर असताना सोपं जाईल.

‘जुनी आहे, म्हणजे अँटिक, म्हणजे परवाना नको’ हा समज सोडा. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बंदुकांना मोकळीक आहे, ती तिकडची गोष्ट. आपल्या कलम ४५ मधली सूट ही दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा हत्याराला आहे. २०२० च्या दुरुस्तीने ‘क्युरिओ’ प्रकारातली शस्त्रं बाळगायला सवलत दिली, पण वापरायला, न्यायला-आणायला परवाना हवाच, आणि आपली बंदूक त्या प्रकारात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. चेन्नईत पोलीस आयुक्त, जिल्ह्यात कलेक्टर, त्यांनाच लेखी विचारायचं.

काकांनी अर्जासोबत चार कागद जोडले: नळीखालच्या शिक्क्यांचे मोठे फोटो, क्रमांकाचे फोटो, आजोबांच्या परवान्याची प्रत, आणि मॅन्टन हे नाव चुकून कसं आलं याचं एक पानी निवेदन. निवेदनाचा मसुदा आम्ही दोघांनी त्यांच्या ओसरीवर बसून केला. मॅन्टन खोडून पी. ऑर लिहिताना ते जरा थांबले. म्हणाले, ‘वडील असते तर भांडले असते.’ मग त्यांनी स्वतःच्या हाताने खाली एक ओळ वाढवली, अर्जात तिची काही गरज नव्हती: बंदूक बर्मिंगहॅमची, १८८७ ते १९०४ दरम्यानची, माउंट रोडवरून घेतलेली.

नोंद दुरुस्त झाली आणि परवाना मिळाला. बंदूक आता घरात कुलपाआड आहे, तेल लावलेली, न उडवलेली. तिच्या पेटीत या सगळ्या कागदांची एक एक प्रत आहे, म्हणजे पुढच्या वारसाला कुणा कर्नलला शोधत हिंडावं लागणार नाही. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर दस्त्याचा फोटो पाठवू नका. नळ्या उलट्या करा आणि पोटाचा पाठवा.

जय हिंद.